ताईंची सही

ताईंसमोर 'बहुतेक' हा शब्द वापरायची सोय नव्हती. "बहुतेक केबल सैल असेल," असं कुणी म्हटलं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "बहुतेक म्हणजे? पाहिलंस का?" पाहिलं नसेल तर माणसाने उठायचं, पाहून यायचं आणि मग बोलायचं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. पण तळघरातल्या खोलीत जाऊन, केबलींच्या गुंत्यातून ती एक केबल शोधून, परत येऊन "सैल नव्हती" असं सांगताना मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांचे चेहरे शाळकरी झालेले मी पाहिले आहेत. त्यांतला एक चेहरा माझाही होता.

ताई अणुभौतिकीतल्या शास्त्रज्ञ. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत त्यांचा सगळा जन्म गेला. मी संगणकाचा माणूस, भौतिकशास्त्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर सुटलेलं. त्यांच्या गटात मी कंत्राटी नोकरीवर लागलो तो दोन वर्षांसाठी, आणि राहिलो कायमचा. त्यांना सगळी संस्था 'ताई' म्हणायची. केरळहून नव्याने आलेल्या एका शास्त्रज्ञांना ते त्यांचं नावच वाटलं. त्यांनी एका परदेशी विद्यापीठाला पाठवलेल्या पत्रात 'डॉ. ताई' असं लिहिलं आणि तिकडून उत्तरही 'प्रिय डॉ. ताई' असं आलं. ताईंनी ते पत्र दुरुस्त करायला पाठवलं नाही. "यात चूक काय आहे?" म्हणाल्या. चूक म्हणजे काय आणि काय नाही, याबद्दल त्यांचे हिशेब पक्के होते.

त्या मूळच्या पनवेल-उरण रस्त्यावरच्या एका गावच्या. वडील मिठागरावर राबणारे. गावातून पनवेलच्या शाळेत, तिथून मुंबईला कॉलेजात, आणि तिथून थेट अणूच्या पोटात, असा त्यांचा प्रवास. घरच्यांना त्या नेमकं काय करतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा वडिलांना त्यांनी संस्था दाखवायला आणलं होतं. म्हाताऱ्याने ती अजस्र यंत्रं, नळ्या, लुकलुकणारे दिवे बघितले आणि विचारलं, "यं बनतंय काय?"

"काय नाय बनत, बाबा. मोजतात."

"मोजून?"

हा किस्सा ताई स्वतःच सांगायच्या आणि त्या "मोजून?" पाशी पोटभर हसायच्या. "याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही," म्हणायच्या.

काम खरोखरच मोजण्याचं होतं. एका बाजूने कणांचा झोत येणार, लक्ष्यावर आदळणार, त्यातून जे फुटून बाहेर पडेल ते भोवतीच्या शेकडो संवेदकांवर टिचक्या मारणार. प्रत्येक टिचकीची वेळ आणि जोर टिपायचा, एका आदळण्याचे सगळे तुकडे एकत्र जुळवायचे, त्यातलं ठेवण्यासारखं ठेवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी कागदावर मिठागर काढून दाखवलं. खाडीचा बांध, बांधातली उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायचं दार, मग मोठं तळं आणि पुढे लहान लहान वाफे. "भरती तिच्या वेळेला येते," त्या म्हणाल्या. "वाफा भरलाय, जरा थांब, असं तिला सांगता येत नाही. म्हणून आधी मोठ्या तळ्यात पाणी धरून ठेवायचं आणि मग आपल्या सवडीने वाफ्यांत सोडायचं. तुझा प्रोग्रॅम म्हणजे हे मधलं तळं. इथे गळती झाली तर पुढच्या वाफ्याला कधी कळणारसुद्धा नाही." पुढे मी या विषयावरची जाडजूड पुस्तकं वाचली. त्या कागदावर नव्हतं असं फारसं काही त्यांत निघालं नाही.

मोठा संगणक मिळत नव्हता त्या काळात त्यांनी साधे ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकाच मोठ्या यंत्राचं काम करून घेतलं होतं. तळघरातली ती रांग पुढे वाढत गेली आणि तिच्या जागी संगणकांच्या कपाटांच्या भिंती झाल्या, पण खोलीचा कारभार तोच राहिला. बाहेर घामाच्या धारा आणि आत हुडहुडी. ताई सुती साडी, त्यावर भावाचा जुना स्वेटर आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट अशा वेशात त्या थंडीत तासन्‌तास बसायच्या. कपाटाच्या पाठीवर तळवा ठेवून म्हणायच्या, "याचा पंखा जाणार." दोन-चार दिवसांत जायचा. कुणी त्याला सिद्धी वगैरे म्हटलं तर चिडायच्या. "थरथर वाढलीय. हात लावून बघ ना."

आम्ही दोघंही पनवेलचे, म्हणजे ताई तळ्याजवळच्या जुन्या पनवेलातल्या आणि मी नवीन पनवेलला भाड्याने राहणारा. संस्थेची बस सकाळी एसटी स्टँडसमोरून सुटायची. ताई खिडकीशी बसून मांडीवरच्या वहीत आदल्या दिवसाच्या नोंदी तपासायच्या. वही साधी, दोनशे पानी. उपकरणावर लावलेल्या मोजणीयंत्राने किती टिचक्या दाखवल्या आणि आमच्या प्रोग्रॅमने किती नोंदी साठवल्या, हे दोन्ही आकडे त्या रोज हाताने लिहायच्या. ते संगणकात असायचेच, तरी. डब्यात बहुतेक वेळा जवळा किंवा सुकट असायची आणि खाडीपुलावर पोचेपर्यंत पुढच्या चार रांगांच्या खिडक्या उघडलेल्या असायच्या. "वास येतो ना? यावाच," त्या सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणायच्या. मी शाकाहारी घरातला. दोन वर्षांत मी त्यांच्या डब्यातला जवळा मागून खायला लागलो.

माझं कंत्राट वाढलं त्या तिसऱ्या वर्षी आमच्या गटाचा एक शोधनिबंध छापून आला. एका दुर्मीळ घडामोडीचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. चर्चा झाली, कौतुक झालं. शलाका नावाची विद्यार्थिनी त्यावर प्रबंध लिहीत होती. आणि नेमकं तेव्हाच परदेशात अनेक देश मिळून एक प्रचंड उपकरण उभारत होते, त्याच्या नोंदी गोळा करण्याच्या कामातला आपला वाटा ताईंच्या नेतृत्वाखाली होणार हे जवळजवळ ठरलं होतं. ताईंनी आयुष्यभर ज्याची तयारी केली ते हेच काम, असं सगळे म्हणायचे. त्या स्वतः काही म्हणायच्या नाहीत. पण पासपोर्ट नवा करून घेतला होता आणि एक लोकरीचा कोट शिवायला टाकला होता.

मात्र वहीतल्या दोन आकड्यांत फरक येत होता. फरक यायचाच असतो, उपकरणाला दोन टिचक्यांमध्ये उसंत लागते, तेवढ्यात आलेलं सुटतं. ते सगळं वजा केल्यावरही थोडंसं काही उरत होतं. सगळे म्हणाले, एवढं चालतं. निबंध छापून आठ महिने झाले तरी ताई त्या उरलेल्या फरकाच्या मागे होत्या.

एका दुपारी त्यांनी मला तळघरात बोलावलं. "बस," म्हणाल्या. पडद्यावर माझा प्रोग्रॅम होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

उपकरणातलं घड्याळ एका ठरावीक आकड्यापर्यंत मोजतं आणि मग पुन्हा शून्यावर येतं, जुन्या मीटरसारखं. एखाद्या आदळण्याचे काही तुकडे शून्याच्या अलीकडे आणि काही पलीकडे पडले, तर माझ्या त्या ओळीला ते एकमेकांपासून फार लांबचे वाटत आणि ती सगळेच अर्धवट समजून टाकून देई. एरवी हे क्वचित घडायचं. पण झोत जोरात असला, तुकडे जास्त असले, की गळती वाढायची. आणि सगळ्यांत जास्त तुकडे असायचे ते नेमके आम्ही शोधत होतो त्या घडामोडीचे. ती कमी घडत नव्हती. मी ती टाकून देत होतो.

"माझी आहे ही ओळ," मी म्हणालो.

"माहीत आहे. किती गळलं ते आता मोजू या."

आम्ही तीन आठवडे मोजलं. ताईंनी त्या काळात मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. मग त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. नोंदी गोळा करण्याच्या व्यवस्थेतली चूक आपली आहे आणि तिची जबाबदारी संपूर्णपणे आपल्यावर आहे, असं त्यात होतं. खाली त्यांची सही. माझं नाव कुठेही नव्हतं.

"ताई, माझं नाव..."

"तू लिहिलंस, मी तपासलं. तपासल्याची सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग झालं."

पंधरा दिवसांनी माझी कायम नोकरीची मुलाखत होती. माझ्यासाठीचं शिफारसपत्र त्यांनीच दिलेलं, त्यामुळे तारीख त्यांना पाठ होती. घरी बायकोला, वीणाला, सातवा महिना चालू होता. मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं, 'नाही ताई, माझं नाव घाला.' मी म्हटलं नाही. पत्र त्यांच्या हातात परत दिलं, एवढंच.

मुलाखत झाली, मी कायम झालो. त्याच महिन्यात विभागप्रमुखांनी ताईंना बोलावून सांगितलं की परदेशातल्या कामासाठी या खेपेला दुसरं नाव पाठवू. ताई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा मी समोरच उभा होतो. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या रांगेचा एसी दुरुस्त झाला का?" मी म्हणालो, "झाला." त्या जिना उतरून खाली गेल्या.

कँटीनमध्ये एक जण म्हणाला, "ताईंचं आता वय झालं." दुसऱ्याने मान डोलावली. मी त्याच टेबलावर होतो. दुधीची भाजी होती. मी जेवण पूर्ण केलं, ताट नेऊन ठेवलं, हात धुतले. त्या दिवसांत तुला काय वाटत होतं असं पुढे वीणाने मला विचारलं. काही वाटत नव्हतं, हेच खरं. पाय आखडून बधिर झाला की तो आपलाच आहे हे माहीत असतं, पण टेकवला तरी जमीन लागत नाही. तसा मी कामावर जात होतो, पगार आणत होतो, मुलीला मांडीवर घेत होतो.

शलाकाचं एक वर्ष वाढलं. तिने सगळं पुन्हा मोजलं. नवा आकडा अगदी अपेक्षेप्रमाणे आला, म्हणजे कुणाला त्यात रस उरला नाही. तिला पदवी मिळाली. ताई निवृत्तीपर्यंत तळघरातच राहिल्या. नव्या मुलांना मिठागर काढून दाखवत राहिल्या. बसमध्ये आम्ही शेजारी बसत होतो, डबा वाटून खात होतो, पण त्या पत्राचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. त्या निवृत्त झाल्यावर गट माझ्याकडे आला. पुढे परदेशातल्या त्या उपकरणावरही मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला जाताना ताईंनी तो लोकरीचा कोट मला देऊ केला. "बायकी दिसणार नाही, मी बाह्या साध्याच शिवून घेतल्यात," म्हणाल्या. मी म्हणालो, "मला आखूड होईल." तो मला आखूड झाला नसता.

ताईंच्या निवृत्तीनंतर मी एखाद्या रविवारी तळ्याजवळच्या त्यांच्या घरी जायचो. त्यांचं मूळ गाव आता ओळखू येईनासं झालं होतं. मिठागरं बुजली, विमानतळ आला, त्यांचा धाकटा भाऊ हसुराम बांधकामाच्या धंद्यात शिरून मोठी गाडी बाळगू लागला. ताई जमिनीपेक्षा खाडीच्या पाण्याबद्दल जास्त बोलायच्या. भरतीचं पाणी आता कुठपर्यंत येतं ते बघायला त्या अजून जायच्या आणि येऊन वहीत लिहायच्या.

मग त्यांना कॅन्सर निघाला. गावात लगेच बोललं गेलं की अणूत काम केलं म्हणून झालं. गावचे दोन पुढारी हसुरामला घेऊन दवाखान्यात आले. संस्थेवर मोर्चा न्यायचा, भरपाई मागायची, असं त्यांचं ठरत होतं. मी तिथेच होतो. ताईंना उठून बसायची ताकद नव्हती, तरी त्या कोपरावर रेलून उठल्या.

"नाय. किरणं मोजायचा माझा बिल्ला दर महिन्याला तपासलेला हाय. त्यान काय नव्हता कंदी. माझ्या नावावर खोटा नाय बोलायचा, सांगून ठेवतंय."

पुढारी गेले. हसुराम त्यांच्यामागे गेला. खोलीत आम्ही दोघंच राहिलो आणि मला वाटलं, आता.

"ताई, त्या वेळी ते पत्र..."

"नवी कपाटं आली का रे?" त्यांनी विचारलं.

"आली."

"थंड ठेवायला काय केलंत? पाणी खेळवलंत की हवा?"

"पाणी."

"मग सांध्यांकडे लक्ष ठेव," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. मी थोडा वेळ बसलो आणि घरी आलो. त्यानंतर पाच दिवसांनी त्या गेल्या. फोन आला तेव्हा मी रिक्षात होतो. रिक्षावाल्याला मी वाट बरोबर सांगितली, सुटे पैसे दिले, जिना चढलो. मला वाटलं, घरी गेल्यावर रडू येईल. आलं नाही.

संस्थेत शोकसभा झाली. संचालक इंग्रजीत बोलले, चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "आपली चूक जाहीरपणे मान्य करण्याचं धैर्य फार थोड्यांकडे असतं. ते त्यांच्याकडे होतं." नंतर माझं नाव पुकारलं गेलं. मी दोन पानं लिहून नेली होती. ती खिशातच राहिली. मी इंग्रजीतच म्हणालो, "ती चूक त्यांची नव्हती. ती ओळ मी लिहिली होती. त्यांनी सही केली आणि मी गप्प बसलो." आणि खाली येऊन बसलो. सभागृहात कुणी खोकलं. मग पुढचं नाव पुकारलं गेलं. चहाच्या वेळी एक जुने सहकारी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, जुनं झालं ते." मला वाटलं होतं, हे बोललो की काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. चहा मात्र गरम होता, एवढं कळत होतं.

ताईंचे भाऊ हसुराम, म्हणजे हसूभाऊ, शेवटच्या रांगेत पांढऱ्या कपड्यांत बसले होते. ते कप घेऊन माझ्याजवळ आले.

"तुमी काय बोललात? सगली एकदम गप झाली."

मी त्यांना मराठीत सांगितलं. पहिल्यापासून, सगळं. परदेशातलं काम गेलं तेही.

"चुकी तुमची होती?"

"हो."

"आन् तिनं आपल्या नावावर घेतली."

"हो."

"कवाची गोष्ट ही?"

"तुमच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं ना, त्याच्या आदल्या पावसाळ्यातली."

हसूभाऊंनी कपातला उरलेला चहा संपवला. मला वाटलं, आता हा माणूस मला काहीतरी बोलेल. बोलावं असंही वाटलं.

"हां," ते म्हणाले. "तवा ती एक दिस अशीच घरा आली. आयतवार नव्हता, सण नव्हता, काय नव्हता. मी बोललो, काय झाला, बरी हायस ना? त हसाया लागली. बोलली, गावली रं हसू, आठ महिने शोधत होती, आज गावली. मना वाटला, सोन्याची वस्तू गावली काय. त बोलली, चुकी गावली. लय खूश होती त्या दिशी. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यान."

"कुणाची चूक, ते सांगितलं?"

"मी इचारला ना. बोलली, तुला काय करायचाय? कालवन वाढ."

हसूभाऊंनी माझ्या हातातला रिकामा कप घेऊन टेबलावर ठेवला. "पनवेललाच जायचाय ना? चला माझ्या गाडीनं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. ते विमानतळाबद्दल, रस्त्याबद्दल बोलत होते. खाडीपुलावर आलो तेव्हा खाली पाणी चढत होतं. तिथे कुठेतरी मला रडू यायला लागलं आणि ते थांबेना. हसूभाऊंनी गाडी थांबवली नाही, काही विचारलं नाही. दोन्ही बाजूंच्या काचा तेवढ्या वर केल्या.